टॉन्सिल्सचं दुखणं : घरी काय करायचं, दवाखाना कधी गाठायचा

पावसाळा सरून थंडी पडायला लागली की घरोघरी एकच तक्रार ऐकू येते, "आई, घास गिळवत नाही." कोणी म्हणतं आंबट खाल्लं असेल, कोणी म्हणतं बर्फाचा गोळा बाधला. आपण हळदीचं दूध देतो, दोन-चार दिवसांत पोर खेळायला लागतं. बहुतेक वेळा एवढं पुरतं. पण काही वेळा हेच साधं दिसणारं दुखणं पुढे हृदयापर्यंत जातं. म्हणून साधं कोणतं आणि दवाखान्यात न्यायचं कोणतं, हे प्रत्येकीला ओळखता यायला हवं.

टॉन्सिल्स म्हणजे काय?

आरशासमोर मोठा 'आ' करा. पडजिभेच्या दोन्ही बाजूंना मांसल गोळे दिसतात, तेच टॉन्सिल्स. "मुलाला टॉन्सिल्स झालेत" असं आपण म्हणतो, पण ते सगळ्यांनाच असतात. दुखतात तेव्हा ते सुजलेले असतात. नाका-तोंडातून येणाऱ्या जंतूंना अडवायचं त्यांचं काम. लहानपणी ते मोठे असतात आणि वयात आल्यावर आक्रसत जातात. त्यामुळे नुसते मोठे दिसले आणि काही त्रास नसला, तर घाबरू नका.

का सुजतात?

बहुतेक वेळा सर्दीच्या विषाणूंमुळे. शाळकरी मुलांत मात्र घसा दुखणाऱ्या १०० पैकी साधारण २० ते ३० जणांना 'स्ट्रेप' नावाच्या जिवाणूची लागण असते. खोकल्या-शिंकेतून, उष्ट्या पेल्यातून ती एकाकडून दुसऱ्याकडे जाते. आंबट खाऊन घसा चुरचुरेल, चुलीच्या धुराने किंवा बिडीने खवखवेल, पण ताप आणि पू आला की समजायचं, जंतूंचं काम आहे.

लक्षणं कशी ओळखायची?

साधं दुखणं : नाक वाहतं, खोकला येतो, आवाज बसतो, ताप कमी असतो.

स्ट्रेपचा संशय : घसा अचानक दुखायला लागतो, ताप १०१ च्या वर जातो, सर्दी-खोकला नसतो. टॉन्सिल्स लालभडक होऊन त्यांवर पांढरे-पिवळे ठिपके दिसतात. जबड्याखाली गाठी येतात, हात लावला की दुखतात. लहान मुलांचं डोकं किंवा पोटही दुखतं, उलट्या होतात.

नुसतं बघून डॉक्टरांनाही कधी कधी नक्की सांगता येत नाही. म्हणून दुसऱ्या प्रकारची लक्षणं दिसली, की मुलाला एक-दोन दिवसांत प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या.

घरी आराम कसा द्यायचा?

• पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ टाकून दिवसातून तीन-चार वेळा गुळण्या. ज्या मुलांना पाणी न गिळता गुळणी जमते, त्यांनाच द्या.
• पेज, मऊ भात, वरणाचं पाणी. थोडं थोडं, पण वारंवार. पाणी कमी पडू देऊ नका.
• हळदीचं दूध, मध याने घशाला बरं वाटतं. पण एक वर्षाखालच्या बाळाला मध चाटवायचा नाही.
• ताप आणि ठणक यासाठी पॅरासिटामॉल. मुलाचं वजन बघून किती द्यायचं, ते आशाताईंना किंवा नर्सताईंना विचारा. मुलांना अ‍ॅस्पिरिन देऊ नका.
• आजाऱ्याचा पेला-ताटली वेगळी ठेवा, हात धुवा.

बोट घालून टॉन्सिल्स दाबणं, पू फोडणं, गळ्याला चुना लावणं हे प्रकार करू नका. जखम होते आणि जंतू पसरतात.

गोळ्या अर्ध्यावर सोडायच्या नाहीत

स्ट्रेप असेल तर डॉक्टर प्रतिजैविक देतात, बहुधा १० दिवसांचं. आपल्याकडे होतं काय, तर तिसऱ्या दिवशी ताप उतरतो आणि उरलेल्या गोळ्या डब्यात जातात. पुढच्या वेळी त्याच शेजारच्या पोराला. इथेच घात होतो.

औषध नीट मिळालं नाही, तर काही मुलांना दोन-तीन आठवड्यांनी संधिवाताचा ताप येतो. आज गुडघा सुजतो, उद्या घोटा, परवा कोपर. धाप लागते. कधी हातपाय आपोआप हलायला लागतात. ५ ते १५ वर्षांच्या मुलांना हा धोका जास्त. सांधे बरे होतात, पण हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होऊ शकतात. लहानपणी हे कळलंच नाही, तर मुलगी सासरी जाते आणि पहिल्या बाळंतपणात तिला दम लागायला लागतो, तेव्हा झडपेचा आजार उघडा पडतो.

घसा दुखायला लागल्यापासून ९ दिवसांच्या आत योग्य औषध सुरू झालं, तर हे टाळता येतं. एकदा हा ताप येऊन गेलेल्या मुलाला दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन अनेक वर्षं घ्यावं लागतं. ते चुकवू नका. अंगणवाडीत आणि शाळेत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडून मुलांचं हृदयही तपासलं जातं. त्या दिवशी मुलांना घरी ठेवू नका.

लगेच दवाखाना गाठा

• श्वास घ्यायला त्रास, थुंकीही गिळता येत नाही, लाळ गळते
• तोंड उघडत नाही, एकाच बाजूला खूप ठणकतं
• घशात राखाडी-पांढरा पापुद्रा, मान सुजलेली. हा घटसर्प असू शकतो. यावर लस आहे : दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना, मग १६ ते २४ महिन्यांत आणि ५-६ वर्षांना. मुलाचं कार्ड आजच काढून बघा.

गाडी नसेल तर १०८ ला फोन करा.

मोठ्यांसाठी एक गोष्ट : तंबाखू-मिश्रीची सवय असेल आणि एकाच बाजूचा टॉन्सिल वाढलेला, किंवा मानेतली गाठ तीन आठवड्यांत जात नसेल, तर दुखत नसली तरी दाखवा. तो कर्करोग असू शकतो.

ऑपरेशन सगळ्यांना लागत नाही. वर्षात सात किंवा त्याहून जास्त वेळा टॉन्सिल्स सुजत असतील, किंवा मूल झोपेत जोरात घोरून मध्येच श्वास थांबत असेल, तर डॉक्टर तसा सल्ला देतात.

पुढच्या बैठकीत बचतीचा हिशोब झाला की दहा मिनिटं काढा. कोणाच्या घरी वारंवार घसा दुखणारं किंवा सांधे सुजणारं मूल आहे, विचारा. अर्धवट उरलेल्या गोळ्या कोणाच्या डब्यात आहेत, तेही विचारा. आणि दवाखान्यात जायला कोणी एकटी पडत असेल, तर गटातली एखादी तिच्यासोबत जाऊ द्या.