वजन अजून उतरवायचं की इथेच थांबायचं?
भारतीयांसाठी १८.५ ते २२.९ बीएमआय निरोगी मानतात. २३ पासून जादा वजन, २५ पासून स्थूलता. पण एकट्या काट्यावर निर्णय सोपवू नये. पोटाचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत आला का, हे मला जास्त मोलाचं वाटतं. मूळ वजन ५ ते १० टक्के उतरलं तरी रक्तदाब, साखर सुधारू लागते. तिथे काही महिने स्थिर राहणं हीसुद्धा मोठी कमाई आहे. सतत थकवा, केस गळणं, पाळी चुकणं सुरू झालं तर मात्र थांबा, डॉक्टरांना भेटा.

थांबल्यावर भात-भाकरी एकदम वाढवू नका, कारण हलक्या झालेल्या शरीराला पूर्वीपेक्षा कमी उष्मांक पुरतात. डाळ-उसळ आणि स्नायूंचा व्यायाम चालूच ठेवा. मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांनी डोसही तपासून घ्यावा.