मनसंतोषगडाची अर्धी वाट

मालवणात जन्म काढलेल्या माणसाचे पाय वाळूला सरावलेले. डोंगर त्याला लांबूनच बरा. तरी निवृत्तीनंतर, बासष्टाव्या वर्षी, कुडाळ तालुक्यातल्या शिवापूरहून मी मनोहरगड चढलो. आग्र्याहून सुटल्यावर १६६७ साली शिवाजी महाराज इथे महिनाभर राहिले होते. या गडाला निदान वाट आहे. खिंडीपलीकडच्या मनसंतोषगडाला तीही धड नाही. १८४४ च्या गडकऱ्यांच्या उठावात दोन्ही गड झुंजले, १८४५ मध्ये इंग्रजांच्या हाती गेले.

खिंडीतून वर नुसता घसारा, मग उभा कातळ. गवत धरावे तर मुळासकट हातात, धोंडा धरावा तर तोच हलतो. बँकेत कर्ज देताना आयुष्यभर तारण तपासले. इथे एकही भरवशाचे नव्हते. डावा गुडघा थरथरू लागला.

सोबतचा गावातला पोरगा म्हणाला, "काकानू, तुमी चढतलास, पण उतरतलास कसे?"

मी खाली पाहिले. उत्तर नव्हते. बसूनच, घसरत घसरत, तासाभराने खिंडीत पोचलो.

घरी सांगितले, "गड पाहिला." कोणता, ते सौभाग्यवतींनी विचारले नाही. फाटकी पँट तेवढी शिवायला घेतली.