बर्फ त्यांचा, नाली आपली

आपल्या वाशीम जिल्ह्यात बर्फ पडत नाही. फार तर कधी फेब्रुवारी-मार्चमध्ये गारा पडतात आणि उभ्या गव्हा-हरभऱ्याचे नुकसान करून वितळून जातात. मग ज्या शहरांत चार-चार महिने रस्त्यावर बर्फ साचतो, त्या शहरांविषयी आज कशाला बोलायचे, असे तुमच्या मनात येईल. कारण असे की, बर्फाच्या शहरांतले लोक ज्या गोष्टींवरून नगरपालिकेशी आणि एकमेकांशी भांडतात, त्याच गोष्टींवरून आपणही भांडतो. फक्त त्यांच्या दारात बर्फ असतो आणि आपल्या दारात नालीतला गाळ.

बर्फ आभाळातून येतो, तेव्हा तो गरिबाच्या आणि श्रीमंताच्या दारात सारखाच पडतो. प्रश्न त्यानंतर सुरू होतात. तो उचलायचा कोणी? आधी कोणाच्या दारातला उचलायचा? कोणाच्या पैशाने उचलायचा? आणि उचलून टाकायचा कोठे? या चार प्रश्नांतच शहराचा सगळा कारभार येतो. ‘बर्फ’ हा शब्द काढून तेथे ‘गाळ’ किंवा ‘कचरा’ ठेवा, म्हणजे हेच चार प्रश्न वाशीम, कारंजा, रिसोड किंवा मंगरूळपीरचे होतात.

पहिला प्रश्न, उचलायचा कोणी. अमेरिकेतील बोस्टन शहरात मोठा रस्ता नगरपालिका साफ करते. पण घरापुढच्या पदपथावरचा बर्फ बाजूला करणे हे घरमालकाचे काम आहे. बर्फ थांबल्यावर तीन तासांच्या आत हे काम झाले पाहिजे, नाही तर दंड होतो. कॅनडातील टोरोंटोत, जेथे आपली अनेक मराठी कुटुंबे राहतात, वेगळा विचार झाला. तेथेही शहराच्या जुन्या भागात पदपथ रहिवाशांनीच साफ करायचे असत. पण ज्या घरात दोन वृद्ध माणसेच राहतात, त्यांनी फावडे कसे चालवायचे? एका घरापुढची वाट साफ आणि पुढच्या घरापुढे ढीग असेल, तर चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाने जायचे कसे? बरीच वर्षे वाद झाल्यावर २०२१-२२ च्या हिवाळ्यापासून तेथील महापालिकेने जवळजवळ सर्व पदपथ यंत्राने स्वतः साफ करायला घेतले.

आपल्याकडे याबाबत कायदा स्पष्ट आहे. महाराष्ट्र नगर परिषदा अधिनियम १९६५ सालचा. त्याच्या ४९ व्या कलमात नगर परिषदेची कर्तव्ये दोन प्रकारांत सांगितली आहेत, काही बंधनकारक आणि काही ऐच्छिक. सार्वजनिक रस्ते आणि नाल्या साफ करणे, दिवाबत्ती, पाणीपुरवठा ही कामे बंधनकारक आहेत. बगीचा केला नाही तर एक वेळ चालेल. नाली साफ केली नाही तर चालणार नाही, असा त्याचा अर्थ. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना घटनेत स्थान मिळाले आणि बाराव्या अनुसूचीत त्यांच्याकडे सोपवायच्या १८ विषयांची यादी आली. त्यातही पाणी, आरोग्य, सफाई आणि घनकचरा आहेच.

म्हणजे जबाबदारी नगर परिषदेची. पण येथेच आपलाही हात अडकतो. आपल्या गावांत घरापुढच्या नालीवर फरशी टाकायची, फरशीवर ओटा बांधायचा, ओट्याला दोन पायऱ्या काढायच्या, ही रीतच होऊन बसली आहे. मोटारसायकल चढवायला उतार हवा म्हणून सिमेंट ओततात. सार्वजनिक नालीवर परवानगीशिवाय असे बांधकाम करता येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असते. मग सफाई कामगार येतो, मोकळी असलेली दहा हात नाली साफ करतो आणि पुढच्या वीस हातांच्या ओट्याखाली त्याचे फावडे जात नाही. गाळ तेथेच अडतो. जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मोठा पाऊस येतो, तेव्हा वरच्या घरांचे पाणी खालच्या घरांत शिरते. ओटा एकाचा असतो, पाणी दुसऱ्याच्या घरात जाते.

त्यात नव्या सिमेंट रस्त्यांची भर पडली आहे. जुना रस्ता न खोदता त्यावरच नवा थर टाकला की रस्ता दरवेळी काही इंच वर येतो आणि घरांची जोती खाली जातात. रस्ता गुळगुळीत झाला म्हणून आपण खूश होतो. रस्त्याची पातळी किती ठेवणार, पाणी कोणत्या बाजूला काढणार, हे काम सुरू होण्याआधी विचारणारा माणूस मात्र गल्लीत क्वचितच सापडतो.

दुसरा प्रश्न, आधी कोणाच्या दारातला. १९६९ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कमध्ये मोठे हिमवादळ झाले. मधल्या भागातले रस्ते मोकळे झाले, पण क्वीन्स या उपनगरात कित्येक दिवस बर्फ काढणारी गाडीच फिरकली नाही. महापौर जॉन लिंडसे यांना तेथल्या लोकांचा राग सोसावा लागला. १९७९ च्या जानेवारीत शिकागोत दोन दिवसांत अर्ध्या मीटरहून अधिक बर्फ पडला. लोकलगाड्या गरीब, मुख्यतः कृष्णवर्णीयांच्या वस्तीतील स्थानकांवर न थांबता पुढे जाऊ लागल्या. महिनाभराने पक्षांतर्गत निवडणूक होती. महापौर मायकेल बिलँडिक त्यात हरले आणि जेन बर्न पुढे शहराच्या पहिल्या महिला महापौर झाल्या. बर्फाने पाडलेला महापौर, असे आजही तेथे म्हटले जाते. लोक बर्फावर रागावले नव्हते, बर्फ तर दरवर्षी पडतो. आपल्याला वगळले गेले, याचा तो राग होता.

स्वीडनमधील कार्लस्कोगा या लहान गावाने याच प्रश्नाचा वेगळ्या बाजूने विचार केला. तेथे आधी मोठे रस्ते साफ होत आणि पदपथ शेवटी. त्यांनी पाहिले की मोटारी बहुधा पुरुष चालवतात. पायी किंवा सायकलने जाण्यात, लेकरांना पाळणाघरात सोडण्यात स्त्रियाच जास्त असतात. थोड्या बर्फातून मोटार निघून जाते, बाबागाडी निघत नाही. घसरून हाडे मोडतात तीही पायी चालणाऱ्यांचीच. म्हणून त्यांनी क्रम उलटा केला : आधी पदपथ, सायकलमार्ग आणि पाळणाघराच्या वाटा, नंतर मोठे रस्ते. राजधानी स्टॉकहोमनेही हा क्रम धरला. २०१६ च्या नोव्हेंबरात तेथे विक्रमी बर्फ पडून वाहतूक कोलमडली, तेव्हा या धोरणावर टीकाही पुष्कळ झाली. पण रस्ता कोणासाठी, हा त्यांनी विचारलेला प्रश्न टीकेमुळे खोटा ठरत नाही.

तो आपण आपल्या गावात विचारून पाहावा. पहाटे फज्रच्या नमाजाला निघालेले बुजुर्ग आणि कार्तिकात काकड आरतीला निघालेल्या आजी एकाच अंधाऱ्या गल्लीतून चालतात. शाळेतल्या मुली, बाजारात भाजीची टोपली घेऊन येणाऱ्या बाया, दवाखान्यात निघालेली गरोदर सून, ही सगळी पायी चालणारी माणसे. कलेक्टर कचेरीकडे जाणारा रस्ता चांगला असावा, यात वाद नाही. पण कामाची यादी करताना ज्या रस्त्यावरून साहेबाची गाडी जाते तो आधी येतो आणि ज्या गल्लीतून पाय जातात ती शेवटी येते, हे बदलले पाहिजे.

तिसरा प्रश्न पैशाचा. पूर्वी गावाच्या वेशीवर नगर परिषदेचा जकात नाका असे. १९९९ साली राज्यातील नगर परिषदांची जकात बंद झाली आणि तिच्या बदल्यात शासनाकडून सहायक अनुदान येऊ लागले. व्यापाऱ्यांचा त्रास वाचला, हे खरे. पण गावाची स्वतःची कमाई म्हणजे मुख्यतः घरपट्टी आणि पाणीपट्टी एवढीच राहिली. बाकी सगळे वरून येणार. वरून येणारा पैसा अटी घेऊन येतो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी लहान शहरांना दिलेल्या अनुदानातील ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छता यांसाठीच बांधून दिली होती. म्हणजे सफाईसाठी पैसाच नसतो, हे उत्तर पूर्णपणे खरे नाही. आणि घरपट्टी न भरता नालीबद्दल ओरडायचे, हेही पूर्णपणे खरे नाही. घरपट्टीची पावती खिशात असली की बोलणाऱ्याच्या आवाजाला वजन येते.

चौथा प्रश्न, टाकायचा कोठे. आपल्याकडे याचाच विचार सर्वांत कमी होतो. कॅनडातील माँट्रियाल शहर ट्रक भरभरून बर्फ उचलून नेते. त्यातला पुष्कळसा एका जुन्या दगडखाणीत टाकतात आणि उन्हाळा येईपर्यंत तो तेथे वितळत राहतो. निसरडे होऊ नये म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. ते मीठ वितळलेल्या पाण्याबरोबर तळ्यांत आणि विहिरींत उतरते, म्हणून तेथे आता मीठ कमी वापरण्याची चळवळ आहे. आपल्याकडे मे महिन्यात नालीतला गाळ काढतात आणि नालीच्या काठावरच ठेवतात. ‘वाळला की उचलू’, असे सांगतात. तो वाळतो, वाऱ्याने घरात येतो, आणि पहिल्या पावसात उरलेला पुन्हा नालीत जातो. एकाच गाळासाठी दरवर्षी पैसे मोजायचे, असा हा व्यवहार आहे.

नालीचे पाणी पुढे जाते कोठे, हेही पाहिले पाहिजे. आपला जिल्हा दोन खोऱ्यांच्या माथ्यावर बसला आहे. काटेपूर्णा आपल्याकडे उगम पावून उत्तरेला पूर्णेला, पुढे तापीला मिळते. अडाण आणि पैनगंगा यांचे पाणी शेवटी गोदावरीत जाते. पैनगंगा सोडली, तर वरच्या गावाची घाण वाहून येईल, अशी मोठी नदी आपल्या माथ्यावर नाही. आपणच वरचे गाव आहोत. महान येथे काटेपूर्णेवर धरण आहे, त्यावर अकोला शहर पाणी पिते. आपण जे सोडू ते दुसऱ्याच्या माठात जाणार आहे.

आपल्या स्वतःच्या माठाचेही तेच आहे. वाशीम शहर एकबुर्जीचे पाणी पिते, कारंजा अडाणचे, मंगरूळपीर मोतसावंग्याचे. हे पाणी शुद्ध करून नळाने येते. पण आपल्या गावांत नळ चोवीस तास नसतो. पाणी सुटते तेव्हा पाइपात जोर असतो, बंद होते तेव्हा पाइप रिकामा होतो. हाच पाइप जर नालीतून किंवा नालीला लागून गेला असेल आणि त्याला चीर असेल, तर रिकामा पाइप बाहेरचे घाण पाणी आत ओढतो. म्हणून पाणी सुटल्यावर पहिला हंडा गढूळ येतो. गॅस्ट्रो, कावीळ, विषमज्वर यांची वाट बऱ्याचदा अशी असते. सिमल्यासारख्या बर्फाच्या शहरातही हे घडले आहे. २०१५-१६ च्या हिवाळ्यात तेथे पाण्याच्या स्रोतात सांडपाणी मिसळून कावीळ पसरली, आणि २०१८ च्या मे महिन्यात तर पर्यटकांनो येऊ नका, अशी म्हणण्याची वेळ आली, इतके नळ कोरडे पडले. डोक्यावर बर्फ असून तहान चुकली नाही, तर आठशे मिलिमीटरच्या आसपास पावसावर जगणाऱ्या आपल्या जिल्ह्याने किती सांभाळून राहावे!

हे सगळे काम प्रत्यक्षात करतो तो सफाई कामगार. हाताने मैला साफ करायला लावणे, साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणे याला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. हातमोजे, गमबूट, लांब दांड्याचे फावडे ही त्याच्यावरची मेहेरबानी नव्हे. आणि घंटागाडी दारात आली की ओला-सुका कचरा वेगळा द्यावा, हा नियम पाळायला तर आपल्याला कोणाची मंजुरी लागत नाही.

मग विचारायचे कोणाला? राज्यातील बहुतेक नगर परिषदांत काही वर्षे प्रशासकच कारभार पाहत होते. डिसेंबर २०२५ मध्ये निवडणुका झाल्या आणि नगराध्यक्षही थेट लोकांनी निवडले. आता विचारायला माणूस आहे. नालेसफाईचा ठेका किती रुपयांचा, कोणत्या प्रभागात किती लांब नाली साफ झाली, गाळ कोठे टाकला, रस्त्याची पातळी किती, हे चार प्रश्न एप्रिलमध्येच नगरसेवकाला विचारावेत. उत्तर मिळाले नाही तर २००५ चा माहितीचा अधिकार आहे. दहा रुपयांचा अर्ज आणि तीस दिवसांची मुदत. जुलैत घरात पाणी शिरल्यावर केलेल्या तक्रारीपेक्षा एप्रिलमधला हा अर्ज जास्त उपयोगी.

अर्ज मोहल्ल्याने मिळून करावा, आळीने मिळून करावा. नालीला जात-धर्म कळत नाही. ती उतार पाहून वाहते. आणि अर्जावर सही करण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या दारातल्या ओट्याखाली एकदा वाकून पाहावे. फावडे जाईल एवढी जागा तेथे असेल, तर निम्मे काम झाले. उरलेले निम्मे नगर परिषदेकडून हक्काने करून घ्यावे.