एकाचे दोन, दोनाचे चार

मैत्रिणींनो, अकोला-अमरावतीच्या मे महिन्यात रात्रीचं विरजण सकाळी आंबटढाण का होतं? जिवाणूंच्या घाईमुळे! त्यांच्या पेशीत केंद्रक नसतं. गुणसूत्राची नक्कल झाली, मधे भिंत पडली, की एकाचे दोन. ई. कोलायसारख्या जंतूला पोषक उबेत २० मिनिटं पुरतात. म्हणजे सात तासांत एकाचे २० लाखांवर.

आपल्या पेशीचा संसार मोठा. ४६ गुणसूत्रांच्या नकला, मग धाग्यांनी ओढून समान वाटणी (सख्ख्या भावांतही इतकी चोख होत नाही!), तेव्हा कुठे विभाजन. प्रयोगशाळेतल्या पेशींनाही साधारण दिवस लागतो.

भातातल्या एका जंतूचं विष तर पुन्हा गरम करूनही जात नाही. तेव्हा रात्रभर बाहेर राहिलेल्या भाताला सकाळी फोडणी देऊन मुलांना वाढू नका, वास येत नसला तरी.