जहाजासाठी बंद केलेली तार

जर्मनीतल्या पापेनबुर्गमध्ये जहाजं बांधण्याचा मोठा कारखाना आहे. समुद्र तिथून बराच लांब. नवं जहाज तयार झालं की ते एम्स नदीतून हळूहळू समुद्राकडे न्यावं लागतं आणि वाटेत नदीवरून गेलेली 380 किलोव्होल्टची वीजवाहिनी आडवी येते. जहाज पार होईपर्यंत ती बंद ठेवायची, ही तिथली नेहमीची पद्धत. 4 नोव्हेंबर 2006 च्या रात्री ‘नॉर्वेजियन पर्ल’ या जहाजासाठीही तेच केलं गेलं. पण या वेळी वाहिनी बंद करण्याची वेळ तीन तासांनी अलीकडे आणली होती. शेजारच्या वीजकंपन्यांना ते उशिरा कळलं आणि बदललेल्या वेळेचा हिशेब नीट मांडला गेला नाही.

बंद वाहिनीचा भार इतर वाहिन्यांवर गेला. त्यातली लांडेसबेर्गन ते वेह्रेनडोर्फ ही वाहिनी दोन कंपन्यांच्या हद्दी जोडणारी. तिची संरक्षण यंत्रणा एका टोकाला 3000 अँपिअरवर बसवलेली, तर दुसऱ्या टोकाला 2100 वर. आणि पहिल्या टोकाच्या नियंत्रण कक्षाला दुसऱ्या टोकाचा आकडा ठाऊकच नव्हता. रात्री 10 वाजून 10 मिनिटांनी ती वाहिनी आपोआप बंद पडली. काही सेकंदांत युरोपचं जाळं तीन तुकड्यांत विभागलं गेलं आणि दीड कोटीहून अधिक घरांची वीज गेली. पार फ्रान्स, स्पेन, इटलीपर्यंत.

पोर्तुगालपासून पोलंडपर्यंतची जनित्रं 50 हर्ट्झच्या एकाच लयीत फिरतात. एका ठिकाणी बिघाड झाला की तो सीमेवर थांबत नाही. नियम मात्र तोवर प्रामुख्यानं कंपन्यांच्या आपापसातल्या करारांवर चालत होते. महाराष्ट्रातल्या वाचकाला यातली अडचण चटकन समजेल. रायचूर–सोलापूर वाहिनीनं 31 डिसेंबर 2013 रोजी आपल्या दक्षिण विभागाचं जाळं उरलेल्या देशाशी जोडलं, तेव्हा त्यामागे एक केंद्र सरकार आणि एक केंद्रीय वीज नियामक आयोग होता. युरोपात प्रत्येक देशाचं सरकार वेगळं, नियामक वेगळा आणि सवयीही वेगळ्या.

युरोपीय संघाच्या 2009 च्या कायद्यांनी यातून वाट काढली. नियामकांची एक संयुक्त संस्था, एसर, स्थापन झाली; तिचं मुख्यालय स्लोव्हेनियातल्या ल्युब्लियाना इथे आहे. जाळं चालवण्याच्या सामाईक नियमसंहितेची दिशा एसर ठरवते. मसुदा लिहितात ती जाळी प्रत्यक्ष चालवणाऱ्या कंपन्यांच्या संघटना, विजेसाठी एन्ट्सो-ई आणि वायूसाठी एन्ट्सोजी. मसुद्यावर खुली चर्चा होते, एसर तो तपासते, युरोपीय आयोग आणि सदस्य देश मंजुरी देतात आणि मग तो सगळ्या सदस्य देशांत थेट कायदा म्हणून लागू होतो. ही वाट लांबची आहे, पण मला ती योग्य वाटते. कोणता आकडा कुठे घात करतो, हे नियंत्रण कक्षात बसणाऱ्यालाच कळतं. शेवटचा शब्द मात्र त्याचा असू नये. 2015 ते 2017 या काळात विजेच्या अशा आठ संहिता झाल्या.

त्यांत किती बारकावे असतात, याचं एक उदाहरण पुरेसं आहे. जर्मनीत छपरांवरच्या सौर संचांना 50.2 हर्ट्झवर आपोआप बंद व्हायला सांगितलेलं होतं. संच थोडे होते तोवर ठीक. ते लाखोंनी वाढल्यावर लक्षात आलं, की त्या एका आकड्यावर कित्येक गिगावॉट वीज एकदम नाहीशी होईल आणि अख्खं जाळं कोसळेल. तीन लाखांहून अधिक संच दुरुस्त करावे लागले. आज नव्या वीजनिर्मिती संचांनी 47.5 ते 51.5 हर्ट्झच्या टप्प्यात ठरावीक काळ जाळ्याला जोडलेलं राहणं बंधनकारक आहे.

वायूच्या बाबतीत अडचण आली ती वासाची. नैसर्गिक वायूला वास नसतो. घरच्या सिलिंडरमधल्या गॅसप्रमाणे गळती कळावी म्हणून तो मुद्दाम मिसळावा लागतो. फ्रान्स तो मुख्य वाहिनीतच मिसळतो, जर्मनी मात्र वितरणाच्या टप्प्यावर. त्यामुळे सीमेवर पाइपलाइन असूनही वायू वर्षानुवर्षं जर्मनीकडून फ्रान्सकडेच जात राहिला. असे फरक व्यापाराच्या आड येऊ नयेत, असं 2015 च्या संहितेत लिहिलेलं होतं. तरीही फ्रान्सचा वायू जर्मनीकडे निघाला तो ऑक्टोबर 2022 मध्ये, रशियाचा पुरवठा आटल्यावर. नियम सात वर्षं हाताशी होता. त्याची निकड भासायला युद्ध व्हावं लागलं, हे मला अस्वस्थ करतं.

28 एप्रिल 2025 रोजी दुपारी साडेबाराच्या सुमारास स्पेन आणि पोर्तुगाल अंधारात गेले. या वेळी विद्युतदाब आवाक्याबाहेर वाढत गेला होता. दाब सावरण्याची क्षमता नव्या संचांमध्ये असावी, असं युरोपीय संहिता सांगते. पण स्पेनच्या नियमांनी सौर आणि पवन प्रकल्पांना ती क्षमता प्रत्यक्ष वापरायला सांगितलेलं नव्हतं. जूनमध्ये स्पेनच्या नियामकानं तो नियम बदलला. युरोपीय संहितेची सुधारित आवृत्ती एसरनं डिसेंबर 2023 मध्येच आयोगाकडे पाठवली होती. दिवे गेले त्या दिवशी ती अजून कायदा झालेली नव्हती.