नकाशातील पाणी

गिरगावातील फणसवाडीपासून चालत गेल्यास थोड्याच वेळात सी. पी. टँक हा चौक लागतो. नवखा माणूस तेथे तळे शोधू लागला, तर त्याची निराशाच होईल. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात कावसजी पटेल या पारशी गृहस्थाने लोकांच्या सोयीसाठी तेथे तलाव बांधविला होता. पुढे १८६० मध्ये विहारचे पाणी नळाने शहरात आले आणि असल्या तलावांची निकड उणावली. विसाव्या शतकाच्या आरंभी हिवतापाच्या डासांच्या भयाने त्यांतील बरेचसे बुजविण्यात आले. धोबी तलावाची कथाही याहून फारशी वेगळी नाही. पाणी गेले, नाव तेवढे राहिले.

जुन्या नकाशांतील पाण्याची नोंद नव्या नकाशांत उतरवून घेणाऱ्यांपुढे अशा जागा मोठा पेच निर्माण करतात. हे काम केवळ नक्कल करण्याचे आहे, असा समज होण्याचा संभव आहे. परंतु तो खरा नव्हे. भारतीय सर्वेक्षण विभागाची स्थापना १७६७ मध्ये झाली. त्याचे जुने नकाशे ज्या गणितावर आधारलेले होते, त्यात पृथ्वीचा आकार जॉर्ज एव्हरेस्ट यांनी ठरविलेल्या मापांप्रमाणे धरला जाई. जगातील सर्वोच्च शिखराला ज्यांचे नाव दिले गेले, तेच हे एव्हरेस्ट. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने सर्वसामान्यांसाठीच्या नकाशांकरिता जगभर रूढ असलेले नवे माप स्वीकारले. जुन्या नकाशावरील अक्षांश-रेखांश जसेच्या तसे नव्यावर मांडले, तर मुंबईतील एखादी विहीर सुमारे शंभर मीटर सरकलेली दिसते. उघड्या माळावर शंभर मीटर म्हणजे काहीच नव्हे. गिरगावात मात्र तेवढ्याने विहीर एका वाडीतून उठून दुसरीत जाऊन बसेल! म्हणून प्रत्येक स्थान गणिताने बदलून घ्यावे लागते.

दुसरा भेद याहून खोल आहे. जुन्या नकाशातील निळी रेघ ओढा कोठे आहे एवढे सांगे. नवी पद्धत आधी जमिनीची उंची मोजते. विमानातून अथवा उपग्रहावरून घेतलेल्या मोजमापांवरून भूपृष्ठाची जणू प्रतिकृतीच गणकयंत्रात तयार होते आणि पडलेला पाऊस कोणत्या उताराने वाहील, हे त्यावरून काढता येते. अमेरिकेने आपल्या देशाची जुनी जलनकाशावली २०२३ मध्ये अद्ययावत करणे थांबविले आणि अशाच उंचीवर आधारलेल्या नव्या रचनेकडे ती वळली. तथापि यंत्राला डोळे असले तरी जाण नसते. रस्त्याच्या भरावाखालून मोरी गेलेली असेल, तर ती त्याला वरून दिसत नाही; भराव म्हणजे धरणच, असे समजून ते पाणी तेथेच अडवून ठेवते. अखेर कोणीतरी वाकून मोरी पाहावीच लागते.

राहता राहिला प्रश्न नाहीशा झालेल्या पाण्याचा. देशातील जलसाठ्यांची पहिली गणना २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत २४,२४,५४० जलसाठे नोंदले गेले. पैकी ९७,०६२ महाराष्ट्रातील होते. वापरात नसलेले साठेही तीत मोजले गेले, हे योग्यच झाले. बुजविलेले तळे नव्या नकाशातून खोडून टाकावे असे कित्येकांना वाटते. कारण जे नाही ते दाखवावयाचे कशाला? प्रस्तुत लेखकास हे पटत नाही. तळे भरून काढले तरी भोवतालचा उतार बहुधा पूर्वीच्याच दिशेने राहतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा मिठी नदीने भराव व बांधकामे यांनी व्यापलेल्या आपल्या जुन्या काठांवर पुन्हा पाणी आणून सोडले आणि शेकडो माणसे प्राणांस मुकली. त्या काठांवर पूर्वी पाण्याचा पसारा कोठवर होता, हे जुने नकाशे दाखवीत होते.

म्हणून नव्या नोंदीत सी. पी. टँकला निळा रंग देऊ नये, पण ते रिकामेही सोडू नये. त्या जागी तलावाची हद्द तुटक रेषेने दाखवावी आणि ती कोणत्या वर्षीच्या नकाशावरून घेतली, ते तिच्याशेजारी लिहावे.