दाबाचा स्टोव्ह आणि त्याची मरामत

गॅसची शेगडी घरोघर पोहोचण्यापूर्वी परभणी जिल्ह्यात, मग ती तुराबुल हक दर्ग्याच्या उरुसातील चहाची दुकाने असोत, पूर्णा जंक्शनाबाहेरच्या टपऱ्या असोत की जिंतूर-गंगाखेडकडील नोकरदारांची स्वयंपाकघरे असोत, चहा-कॉफीचे आधण ज्या पितळी यंत्रावर चढे, तो हवेच्या दाबाने चालणारा रॉकेलचा स्टोव्ह १८९२ च्या सुमारास स्टॉकहोमच्या फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट याने सिद्ध केला. परंतु इतक्या दूरचे हे यंत्र आपल्याकडे घरचे होऊन राहिले याचे श्रेय, माझ्या मते, बाजाराच्या कोपऱ्यात पोते अंथरून त्याची मरामत करणाऱ्या कारागिरांनाही तितकेच द्यावयास हवे.

पंपाने टाकीत कोंडलेली हवा रॉकेलला वर रेटते, काकड्याच्या ज्वाळेने आधीच तापलेल्या बर्नरमध्ये त्याची वाफ होते, आणि निपलच्या सूक्ष्म छिद्रातून ती वेगाने सुटून हवेत मिसळली म्हणजे निळी, घोंघावणारी ज्योत पेटते. बर्नर पुरता तापण्याआधीच जो पंप मारतो, त्याच्या तोंडावर भडका उडतो.

कुशल कारागीर हत्यार उचलण्यापूर्वी लक्षणे पाहतो. पंपाचा दांडा हाताला जोर न लागता पोकळ जात असेल तर चामड्याचा वायसर वाळला असे समजावे. तो तेलात मुरवून, त्याची कड बोटांनी हळूहळू फाकवून पुन्हा बसविला की बहुधा काम भागते. दांडा आपोआप वर येऊ लागला, अथवा पंपाच्या नळीत रॉकेल चढले, तर दोष तळाच्या झडपेचा. ज्योत पिवळी पडून भांड्याचे बूड काळे होऊ लागले तर निपलमध्ये काजळी धरली आहे, आणि खरी कसोटी येथेच लागते. कारण पिन सरळ व हलक्या हाताने घातली तर छिद्र मोकळे होते, पण अधीरपणाने आडवी फिरविली तर ते रुंदावते, वाफ नेमस्त सुटत नाही, ज्योत कायमची धुरकट होते आणि नवे निपल घालण्यावाचून तरणोपाय उरत नाही. टाकीच्या चिरेला डाख देणे हे तर त्याहून जोखमीचे काम. आत रॉकेलची वाफ राहिली असता विस्तव जवळ नेणे प्राणावर बेतू शकते, म्हणून टाकी रिकामी करून, धुऊन, वाळवूनच तिला हात लावावयाचा.

शिधापत्रिकेवरील रॉकेल आटत गेले तशी ही गिऱ्हाइकी ओसरली. तथापि ज्याला ही विद्या अवगत आहे त्याला गॅसच्या शेगडीचे काम नवे वाटत नाही. तिच्याही जेटमध्ये कचरा अडकतो आणि ज्योत पिवळी पडते, व तेथेही पिन सरळच धरावी लागते.